फुलं येतात, गळतात, फळ धरत नाही: आधी गळलेलं फूल हातात घ्या

परसबागेत भाज्या लावणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात ठरलेली असते. वेल मांडवभर पसरला, पिवळ्या फुलांनी डवरला, सकाळी खाली फुलांचा सडा पडतो. पण काकडी म्हणाल तर एकही नाही. नाहीतर टोमॅटोला घोस लागतात, दोन-चार दिवस छान दिसतात आणि देठापासून सुटून पडतात. मिरचीचं तेच, वांग्याचं तेच. मग घाईघाईने एखादं टॉनिक फवारलं जातं, मूठभर खत घातलं जातं, पाणी वाढवलं जातं. पंधरा दिवसांनी फळं धरलीच, तर बहुतेक वेळा त्या काळात हवा बदललेली असते आणि खरं कारण कळायचं राहून जातं. म्हणूनच पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा येते.

फूलगळ हा एकच एक रोग नाही. तिची निदान सहा-सात वेगवेगळी कारणं आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. एकाला पाणी हवं, दुसऱ्याचं पाणी तोडायला हवं. एकाला खत हवं, दुसऱ्याला खतानेच बिघडवलंय. त्यामुळे काहीही घालण्याआधी खाली पडलेली फुलं गोळा करा आणि नीट बघा. कोणतं फूल गळलं, कुठून तुटलं, उमलण्याआधी की नंतर, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

वेलभाज्या: गळलेलं फूल नर की मादी?

काकडी, दुधी, भोपळा, कारलं, दोडका, घोसाळं, पडवळ या सगळ्यांमध्ये एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फूल उलटं धरून पाकळ्यांच्या मागे बघा. नुसता बारीक, सरळ देठ असेल तर ते नर फूल. पाकळ्या आणि देठ यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी, इवलासा दुधी किंवा वाटाण्याएवढा गोल भोपळा दिसत असेल तर ते मादी. कारल्याच्या मादी फुलामागे तर सुरकुत्यांसकट पूर्ण कारलं तयार असतं, फक्त लहान.

वेलावर आधी नर फुलं येतात. मादी फुलं कधी आठवड्याने, कधी दोन आठवड्यांनी दिसू लागतात आणि नंतरही नरांची संख्या कितीतरी जास्त असते. नर फूल एक दिवस उमलतं आणि गळून जातं. ते त्याचं कामच आहे. खाली पडलेला सडा सगळा नर फुलांचा असेल आणि वेल लावून फार दिवस झाले नसतील, तर काहीही बिघडलेलं नाही. थांबा. या टप्प्यावर घातलेलं खत बहुतेक वेळा नुकसानच करतं, कारण वेल पुन्हा पानांच्या मागे लागतो.

महिना उलटला तरी नरच येत असतील, तर दोन गोष्टी बघाव्या. पहिली म्हणजे ऊन. वेलाला रोज सहा-आठ तास थेट ऊन मिळत नसेल तर मादी फुलं कमी येतात. लांब दिवस आणि कडक उष्णता असली तरीही नरांचं प्रमाण वाढतं. हवा उतरली की ते आपोआप सुधारतं. दुसरी म्हणजे शेंडा. दुधीला मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. वेल मांडवाला पोचला की मुख्य शेंडा खुडावा, म्हणजे बाजूचे फुटवे जोर धरतात. काकडीवर मात्र डोळे झाकून हा प्रयोग करू नये. काही संकरित जातींना मुख्य वेलावरच भरपूर मादी फुलं येतात.

आता मादी फुलाची गोष्ट. मादी फूल आलं, उमललं, मागचं इवलं फळ दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळं पडलं, सुरकुतलं आणि गळलं. वेलभाज्यांमधली खरी अडचण ही आहे आणि बहुतेक वेळा तिचं कारण एकच असतं: परागीभवन झालं नाही. पण खात्री करून घ्या. ते पिवळं फळ ब्लेडने उभं कापा. आतून स्वच्छ, फिकट, नुसतं वाळत चाललेलं असेल तर पराग पोचले नाहीत. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब आणि आत पांढऱ्या बारीक अळ्या असतील तर ते काम फळमाशीचं आहे. तिथे हाताने परागीभवन करून काही उपयोग नाही. फूल मिटल्यावर इवल्या फळावर कागदाची किंवा जाळीदार कापडाची पिशवी चढवावी, किडकी फळं रोज वेचून बागेबाहेर न्यावीत. ती वेलाखाली तशीच पडू दिली तर अळ्या मातीत शिरतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते.

परागीभवन हाताने करायला सोपं आहे, पण वेळ चुकली तर वाया जातं. काकडी, भोपळा, कारलं आणि घोसाळं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात. भोपळ्याचं फूल तर ऊन तापायच्या आत मिटायला लागतं, त्यामुळे सकाळी लवकरच जायला हवं. दुधी, दोडका आणि पडवळ संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. सकाळी नऊ वाजता दुधीच्या मलूल फुलावर ब्रश फिरवणाऱ्यांना यश का येत नाही, ते यातून लक्षात येईल. दुधीसाठी दिवेलागणीला वेलाखाली जावं.

त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या अलगद सोलून काढा, म्हणजे मधला परागांनी माखलेला दांडा उघडा पडतो. बोट लावून बघा; पिवळी पूड बोटाला लागली पाहिजे. मादी फुलाच्या मध्यभागी कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाचे, तीन फुगीर भाग दिसतील. नराचा दांडा तिन्ही भागांवर सगळीकडून हळुवार टेकवा. एकाच बाजूला टेकवून सोडू नका. आतल्या एकेका बीसाठी एकेक परागकण लागतो आणि जिकडे बी धरत नाही तिकडची बाजू फुगत नाही. काकडी एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड किंवा वाकडी का होते याचं हे एक नेहमीचं उत्तर आहे. दुसरं म्हणजे ऐन वाढीत पडलेला पाण्याचा ताण. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं भागतात.

नर फूल त्याच भाजीचं हवं. दुधीचा पराग भोपळ्याला चालत नाही. मात्र त्याच वेलावरचा नर चालतो, दुसरा वेलच हवा असं नाही. तरीही एकच वेल असला की ज्या दिवशी मादी उमलते त्या दिवशी नर नसतो, असं वारंवार होतं. जागा असेल तर एका भाजीचे दोन-तीन वेल लावावेत.

पावसाळी दिवसांत ही अडचण दुप्पट होते. परागात पाणी गेलं की तो निकामी होतो आणि मधमाश्याही बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी ओळखता येते: ती फुगते आणि टोकाला पाकळ्यांचा रंग दिसू लागतो. अशा नर-मादी कळ्यांवर कागदाची पिशवी घालून ठेवा, उमलल्यावर परागीभवन करा आणि मादीवर पिशवी पुन्हा चढवा. नर फुलं आदल्या रात्री देठासकट तोडून घरात पाण्यात ठेवली तरी सकाळी उमलतात आणि कोरडा पराग मिळतो.

काकडीबद्दल एक सांगायलाच हवं. बियांच्या पाकिटावर पार्थेनोकार्पिक असं लिहिलं असेल तर ती जात परागाविना फळ धरते. तिची फळं गळत असतील तर परागीभवनाचा विचार सोडा. पाणी, ऊन आणि वेलावर आधीच असलेला फळांचा भार यांकडे बघा.

टोमॅटो आणि मिरची: आठवडाभर मागे जाऊन बघा

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, गुडघ्यासारखी. फूल गळायचं असलं की आधी ती गाठ पिवळी पडते आणि तिथूनच फूल सुटतं. गाठीखालचा देठाचा तुकडा झाडावर राहतो. फळ धरलं की आतल्या कोवळ्या बिया एक संप्रेरक तयार करतात, ते देठातून खाली वाहत राहतं आणि ती गाठ घट्ट राहते. बी धरलं नाही की तो प्रवाह थांबतो आणि झाड फूल सोडून देतं. मिरचीला मधली गाठ नसते, तिचं फूल अख्ख्या देठासकट पडतं.

टोमॅटोमध्ये बी न धरण्याचं सगळ्यात मोठं कारण तापमान. दिवसा 32 अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्री 22–24 च्या खालीही उतरत नसेल, तर पराग नीट तयार होत नाही. रात्री 13 च्या खाली गेलं तरी तेच. दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा जास्त घातक ठरतो आणि तिकडेच कोणाचं लक्ष नसतं. मिरची थोडी जास्त सोसते, पण तिलाही अशा रात्री मानवत नाहीत.

इथे फसायला होतं ते असं. परागाला उष्णतेचा सगळ्यात जास्त फटका फूल उमलण्याच्या साधारण आठवडाभर आधी बसतो, कळी अगदी बारीक असताना. म्हणजे आज गळलेलं फूल हा आठ-दहा दिवसांपूर्वीच्या उष्णतेचा परिणाम असतो. आज हवा छान आहे, पाणीही वेळेवर दिलंय, तरी फुलं का गळतात, असं वाटतं तेव्हा मागचा आठवडा आठवा. आणि त्याच हिशोबाने, हवा सुधारल्यावरही आठवडाभर गळ चालू राहणार, हे धरून चला. त्या आठवड्यात उपायांची सरबत्ती करू नका.

उष्णतेत काय करता येतं? दुपारच्या उन्हापुरती हलकी, 35 टक्क्यांची शेडनेट. मुळांशी वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं जाड आच्छादन. कुंड्या तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवणं. लहान फळांच्या चेरी टोमॅटोच्या जाती उष्णतेत तुलनेने बऱ्या टिकतात, कडक उन्हाळ्यात त्याच लावाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या फळांच्या जाती हंगाम धरूनच लावाव्यात. ऐन उन्हाळ्यात त्यांच्याकडून फळं काढायचा अट्टाहास झाडालाही थकवतो आणि आपल्यालाही.

हवा चांगली असूनही टोमॅटो धरत नसेल तर फूल हलत नाहीये का, ते बघा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण पराग पिवळ्या नळीच्या आत बंद असतो. वारा किंवा भुंग्याची थरथर मिळाली की तो झडतो. बंद बाल्कनीत, काचेआड, भिंतीच्या आडोशाला ती थरथर मिळत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, दव सुकल्यावर, घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. विजेवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तरी काम होतं. हवा फार दमट असेल तर पराग चिकटून राहतो. मग रोज टिचक्या मारत राहणं एवढंच हातात असतं.

वांगं

वांग्याच्या बाबतीत गळणारी सगळीच फुलं वाचवायची नसतात. एक फूल तोंडाजवळ धरून समोरून बघा. मध्ये पिवळ्या परागकोषांचं वर्तुळ असतं आणि त्यातून हिरवट कुक्षी डोकावते. काही फुलांत ती परागकोषांच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेली असते. ही लांब कुक्षीवृंताची (कुक्षीचा दांडा लांब असलेली) फुलं, फळ मुख्यतः यांनाच धरतं. काही फुलांत ती परागकोषांच्या बरोबरीला असते, त्यांतलीही काही धरतात. आणि काहींत ती आत खोल दडलेली असते, शोधूनही दिसत नाही. ही आखूड फुलं गळणारच, त्यांना कोणताही फवारा धरून ठेवू शकत नाही.

गळलेल्या फुलांत आखूडच जास्त असतील तर काळजी नको. पण झाडावरच्या फुलांत आखूड फुलांचं प्रमाण वाढत चाललं असेल तर झाड उपाशी आहे किंवा फळांच्या ओझ्याखाली आहे. तयार वांगी लगेच तोडा, जून होऊ देऊ नका, खोडापासून वीतभर अंतरावर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घालून माती हलवा. पुढच्या बहरात फरक दिसतो. लांब कुक्षीची फुलंही गळत असतील तर मात्र टोमॅटोसारखंच तापमान आणि पाणी तपासा.

भेंडीत ही तक्रार क्वचितच खरी असते. फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात. खाली कोवळी भेंडी राहिलेली असते. न उमललेल्या कळ्याच पडत असतील तर कळी फोडून बघा, आत अळी सापडेल. फरसबी उष्णतेत फुलं टाकते, चवळी बरीच सोसते.

पाणी आणि खत

कुंडीतल्या झाडाची फूलगळ पाण्यामुळे असण्याची शक्यता जमिनीतल्यापेक्षा खूप जास्त. एक दिवस दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी भरपूर पाणी मिळतं, सकाळी ताजंतवानं दिसतं. पण त्या ताणात फुलं सुटायची ती सुटतातच. दुसऱ्या टोकाला, सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि तिथेही फुलं गळतात. दोन्हीत पानं मलूल दिसतात, म्हणून नुसत्या पानांवरून ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबा. कुंडीच्या तळाची भोकं मुळांनी बुजली आहेत का, तेही बघून घ्या. टोमॅटोला किंवा काकडीला 15–20 लिटरपेक्षा कमी मातीत वाढवलं तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी देऊनही ताण टळत नाही.

खताचा गोंधळ पानांवरून ओळखता येतो. पानं मोठी, गडद हिरवी, खोड जाड, झाड पुरुषभर उंच आणि फुलं तुरळक किंवा लागताच गळणारी, असं असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. युरिया, ताजं शेण, वरचेवर दिलेली शेणाची स्लरी, सगळ्यांतून नत्रच जातं. ते बंद करा, तीन-चार आठवडे काही घालू नका. त्यानंतर पालाश (पोटॅश) असलेलं खत थोडं द्या. लाकडाची राख वापरत असाल तर अगदी चिमूट-चिमूट. जास्त राखेने माती अल्कधर्मी होते आणि लोहासारखी अन्नद्रव्यं मुळांना मिळेनाशी होतात. पराग रुजायला बोरॉन लागतं हे खरं आहे, पण कमी पडणं आणि जास्त होऊन विषारी ठरणं यांतलं अंतर फार थोडं असतं. कुंडीत अंदाजाने बोरॉन घालू नये.

कीड असेल तर

फुलं गळण्याआधीच पाकळ्यांच्या कडा तपकिरी, मिरचीची पानं आखडलेली, शेंड्याची वाढ खुंटलेली असेल तर एक फूल पांढऱ्या कागदावर झटका. दोन मिलिमीटरपेक्षाही लहान, पिवळसर किंवा काळपट, लांबट किडे धावताना दिसले तर ते फुलकिडे. मिरचीत पानांच्या कडा वरच्या बाजूला वळल्या तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळल्या तर कोळी (माइट ही अतिसूक्ष्म कीड). दोन्हींसाठी निंबोळी तेलाचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने, पाकिटावरच्या प्रमाणातच, आठवड्याच्या अंतराने. टोमॅटोची पानं बारीक, पिवळी, चुरगळलेली होऊन झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. ते झाड बरं होत नाही, उपटून टाका म्हणजे शेजारची वाचतील.

फवारणी मधमाश्यांच्या वेळेत कधीही करू नका, औषध जैविक असलं तरी. सकाळी उमलणाऱ्या भाज्यांवर संध्याकाळी फवारा. शेजारी दुधी किंवा दोडका फुलावर असेल तर ती फुलं टाळून फक्त पानांवर. परागीभवन करणारे कीटक बागेतून एकदा कमी झाले की पुढचा अख्खा हंगाम हाताने परागीभवन करायची वेळ येते. झेंडू, तुळस, बडीशेप यांपैकी काही ना काही सतत फुललेलं ठेवलं तर ते येत राहतात.

हंगामाच्या मध्यावर आणि शेवटी

झाडाने आधी भरपूर फळ दिलं आणि मग अचानक फुलं गळू लागली, तर बहुतेक वेळा ते आजारी नसतं. जेवढी फळं पोसता येतील तेवढी धरून बाकीची ते सोडून देतं. काकडी, दोडका, दुधी कोवळे असतानाच तोडत राहिलात तर नवीन फुलं टिकतात. वेलावर एक जरी काकडी बियांसाठी पिवळी होईपर्यंत ठेवली, तरी त्या वेलाचं उत्पन्न घटतं. बी धरायचं असेल तर त्यासाठी वेगळा वेल राखून ठेवा.

हंगाम संपत आला की उलटा हिशोब मांडा. टोमॅटोला फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात. तेवढा अनुकूल काळ शिल्लक नसेल तर नवे घोस आणि शेंडे खुडून टाका, म्हणजे लागलेली फळं पोसतील. भोपळ्यालाही हेच. भेंडी आणि काकडी फुलानंतर आठवडा-दीड आठवड्यात तोडणीला येतात, त्यांची फुलं अगदी शेवटपर्यंत राहू द्या.